पहिलं मोटरहोम घेतोय, नवं की जुनं, मोठं की छोटं? जाणकारांनी मदत करा

रानजाई:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. आम्ही चौघं, मुलगी १३ वर्षांची आणि मुलगा ९. गेली चार-पाच वर्षं तंबू घेऊन फिरतोय आणि फिरणं आवडतंच, पण मागच्या सुट्टीत सलग तीन रात्री पाऊस लागला, चौथ्या दिवशी सगळी अंथरुणं ओली, मुलगा तापाने फणफणलेला, आणि तेव्हाच दोघांनी ठरवलं की आता चाकांवर घर घ्यायचं. तेव्हापासून रोज रात्री जाहिराती बघणं चालू आहे आणि जितकं बघतोय तितका गोंधळ वाढतोय. नवऱ्याच्या मनात एक ७.४ मीटर लांबीचं भरलंय, मागे मधोमध पलंग, दोन्ही बाजूंनी उतरायला जागा, दिसायला खरंच देखणं आहे. मला मात्र एवढं लांब धूड चालवायची धास्ती वाटते आणि चालवणार तर आम्ही दोघंही आहोत. नवं घ्यायचं की वापरलेलं, लांबी किती, कोणत्या प्रकारचं, बघायला गेल्यावर नक्की काय तपासायचं, सगळंच विचारायचंय. आमच्या आयुष्यातली घरानंतरची ही सगळ्यात मोठी खरेदी असणार आहे, चूक परवडणार नाही, म्हणून हक्काने विचारतेय.

जुना भटक्या:
रानजाईताई, स्वागत. आमचं हे तिसरं वाहन, अकरा वर्षं झाली. पहिलं चुकलं, दुसरं बरं निघालं, तिसरं मनासारखं मिळालं. म्हणून आधी तुम्हालाच काही विचारतो. वर्षातून किती रात्री राहणार? फक्त उन्हाळ्यात की थंडीतही? एका जागी आठवडाभर तळ ठोकणार की रोज गाव बदलणार? विजेची जोडणी मिळते अशा कॅम्पसाइटवर थांबणार की मोकळ्यावर? आणि वर्षातले उरलेले दिवस ती उभी कुठे राहणार? या शेवटच्या प्रश्नाकडे सगळे दुर्लक्ष करतात आणि मग घरासमोर वळवता येत नाही म्हणून दर महिन्याला पार्किंगचं भाडं भरत बसतात. आधी जागा टेपने मोजा, उंचीसुद्धा.

आता प्रकार थोडक्यात सांगतो. पॅनेल व्हॅन म्हणजे कारखान्यातून आलेल्या पत्र्याच्या व्हॅनच्या आतच घर बसवलेलं, साधारण ५.४ ते ६.४ मीटर, अरुंद, चालवायला सोपी, पत्रा असल्याने पाणी मुरण्याचा धोका कमी, पण चौघांना आत जागा कमी पडते. कोचबिल्ट म्हणजे पुढची केबिन आणि चासी (चाकांवरचा खालचा सांगाडा) मूळ कंपनीची, मागचं घर वेगळं बांधून चढवलेलं. त्यात दोन, एक लो-प्रोफाइल, म्हणजे उंचीला कमी, आणि दुसरं ओव्हरकॅब, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेलं. ओव्हरकॅबला वारा लागतो, डिझेल जास्त पितं, पण मुलं असतील तर त्या वरच्या पलंगासारखं दुसरं काही नाही. चौथं ए-क्लास, त्यात पुढची केबिनसुद्धा घर बांधणाऱ्यानेच बनवलेली असते, आत ऐसपैस, समोरची काच भलीमोठी. पण ती काच फुटली तर नवी मिळेपर्यंत कितीतरी दिवस गाडी उभी राहते, हे आमच्या दुसऱ्या वाहनाच्या वेळी भोगलंय.

ओंजळ:
लेआउटबद्दल माझं ऐका कारण आमची चूक तिथेच झाली. आम्ही घेतलं त्यात दिवसाचं बसायचं सोफा-टेबल हेच रात्री पलंग व्हायचं. दाखवायला आले तेव्हा त्यांनी दोन मिनिटांत करून दाखवलं आणि आम्ही भुललो. प्रत्यक्षात रोज रात्री टेबलाचा पाय काढा, फळी सरकवा, सहा गाद्या कोड्यासारख्या जुळवा, मग चादर, आणि एकाला झोप आली की बाकीच्यांचं बसणं बंद. सकाळी परत सगळं उलटं. दीड वर्षात विकलं, तोटा सोसून.

म्हणून माझा आग्रह आहे की बघायला जाताना चौघंही जा आणि आत किमान एक तास काढा, विक्रेत्याला बाहेर थांबायला सांगा. दार लावून घ्या. चौघं एकदम बसा. पलंगावर खरंच आडवे व्हा, उंच माणसाने पाय ताणून. मग रात्री दोन वाजता बाथरूमला उठायचंय असं समजून उठा. कोपऱ्यात लावलेला पलंग असेल तर आतल्या माणसाला बाहेरच्याच्या अंगावरून ओलांडून यावं लागतं, हे शोरूमच्या उजेडात लक्षात येत नाही. शॉवरमध्ये उभं राहून डोकं धुतल्यासारखे हात वर करा, कोपर कुठे आपटतंय ते कळतं. ओट्यापाशी उभं राहा आणि चिरायला जागा कुठे आहे ते बघा, बऱ्याच वाहनांत शेगडी आणि सिंक यांच्यात तळहाताएवढीसुद्धा जागा नसते.

आणि एक, झोपायच्या जागा सहा लिहिलेल्या असल्या तरी सीटबेल्ट किती आहेत ते वेगळं मोजा. सहा पलंग आणि चारच बेल्ट, किंवा चार पलंग आणि दोनच बेल्ट, असं सर्रास असतं. मुलांच्या सीट पुढे किंवा मागे तोंड असलेल्याच हव्यात, आडव्या सोफ्यावर बेल्ट असला तरी माझ्या मुलांना मी चालत्या गाडीत तिथे बसवणार नाही.

स्पॅनर:
वर सगळ्यांनी चांगलं लिहिलंय पण वजनाचं कोणीच बोललं नाही. बऱ्याच देशांत साध्या कारच्या लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतच चालवता येतं म्हणून बहुतेक मोटरहोम बरोबर ३५०० वर नोंदवलेली असतात, खरं वजन त्याच्या किती जवळ गेलंय याचा विचार नंतर. तुम्हा दोघांच्या लायसन्सवर काय लिहिलंय ते आजच बघून घ्या.

आता ७.४ मीटरवाल्याचा हिशोब मांडून दाखवतो. समजा कॅटलॉगमध्ये चालू स्थितीतलं वजन ३०४० लिहिलंय, म्हणजे सामानाला उरले ४६०. त्या ३०४० मध्ये साधारणपणे ७५ किलोचा ड्रायव्हर आणि ९० टक्के भरलेली डिझेलची टाकी धरलेली असते, पण पाणी बऱ्याचदा फक्त २० लिटर धरतात. तुमची टाकी १०० लिटरची, एक लिटर म्हणजे एक किलो, तर भरल्यावर आणखी ८० गेले. नवरा-बायकोतलं दुसरं माणूस ७०, मुलगी ५०, मुलगा ३०, झाले १५०. बाहेरची ऑनिंग, म्हणजे बाजूला उघडणारं कापडी छत, ३०. मागचा रॅक आणि दोन सायकली ५०. जादा गॅस सिलिंडर भरलेला २५, जादा बॅटरी २५, सोलर १५. चौघांचे कपडे-अंथरूण ६०. खुर्च्या, टेबल, भांडी, केबल, पाइप ५०. बेरीज करा, ४८५. म्हणजे अजून खाण्यापिण्याचं काही ठेवलंच नाही तर २५ किलोने गाडी ओव्हरलोड. त्यात युरोपियन नियमात कॅटलॉगच्या त्या आकड्याला ५ टक्के इकडे-तिकडे चालतं, ३०४० चे ५ टक्के म्हणजे १५२ किलो. गाडी तेवढी जड निघाली तर सगळाच खेळ संपला.

मागच्या एक्सलचं, म्हणजे मागच्या चाकांच्या आसाचं, आणखी वेगळं. सायकली मागच्या चाकांच्या दोन मीटर मागे टांगल्या आणि दोन एक्सलमधलं अंतर चार मीटर असेल तर ५० किलोच्या सायकली मागच्या एक्सलवर ७५ किलो टाकतात आणि पुढचा एक्सल २५ ने हलका होतो. फियाट डुकाटोवर बांधलेल्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात, पुढचा भाग हलका झाला की ओल्या गवतावर चाकं जागीच फिरतात. लांब शेपटीच्या गाड्यांना हे जास्त. त्यामुळे एकूण वजन बसलं म्हणून खूश होऊ नका, दोन्ही एक्सल वेगवेगळे काट्यावर घ्या.

रानजाई:
स्पॅनरदादा, हा हिशोब मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता आणि मग कागद-पेन घेऊन बसला. भटक्याकाका, तुमची उत्तरं: वर्षाला ४० ते ५० रात्री, बहुतेक उन्हाळा पण थंडीतही दोन-तीनदा जायचंय, दर दोन दिवसांनी जागा बदलणार, अर्ध्या रात्री वीज नसलेल्या ठिकाणी. घरासमोरची जागा मोजली, ७ मीटर आणि त्यातही फाटक आतल्या बाजूला उघडतं. म्हणजे ७.४ तिथेच बाद झालं की!

दीपस्तंभ:
मी थोडं वेगळं मत मांडतो. लांबी कमी करा हे पटलं, पण पहिलं वाहन नवंच घ्यावं असं मला मनापासून वाटतं. आम्ही नवं घेतलं. पाणी मुरण्याविरुद्ध बऱ्याच वर्षांची हमी मिळाली, इंजिन नवं, टायर नवे, कुठे काय झालंय याची धाकधूक नाही. पहिल्या वर्षी तक्रारी निघाल्या हे खरं, एका कपाटाचं दार उघडं पडायचं, शॉवरचा निचरा होत नव्हता, खिडकीची जाळी अडकायची. सगळं हमीत दुरुस्त झालं. फक्त एक लक्षात ठेवा, ती पाण्याची हमी बहुधा दरवर्षी ओलाव्याची तपासणी करून शिक्का घेतला तरच टिकते. एक वर्ष चुकलं की हमी गेली. आणि ताबा घेताना घाई करू नका, अर्धा दिवस मागून घ्या, प्रत्येक नळ, दिवा, बर्नर, हीटर समोर चालवून बघा.

स्पॅनर:
दीपस्तंभ, तुमचा मुद्दा मान्य, ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावं. पण पहिल्याच वेळी आपल्याला काय हवंय ते कळत नाही, ओंजळताईंसारखं दीड वर्षात विकावं लागतं, आणि नव्याची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात जास्त उतरते. चार-पाच वर्षं जुनं, आधीच्या मालकाने सगळ्या तक्रारी निस्तरलेलं, कागदपत्रं नीट ठेवलेलं मिळालं तर मी तेच घेईन.

चिमणपाखरू:
मधेच विचारते, चालेल ना? आम्हीही याच वाटेवर आहोत. वीज नसलेल्या ठिकाणी किती दिवस निघतात? जाहिरातीत मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर, सोलर सगळं लिहिलेलं असतं म्हणजे घरच्यासारखं सगळं चालतं का?

रातकिडा:
नाही चालत, आणि हे आधीच समजून घेतलंत तर पुढचा मनस्ताप वाचेल. घराची बॅटरी इंजिनच्या बॅटरीपेक्षा वेगळी असते, तिला लीझर (leisure) बॅटरी म्हणतात. १०० अँपिअर-तासाची साधी लेड-अॅसिड असेल तर तिच्यातले निम्मेच, म्हणजे ५० वापरायचे, त्याखाली वारंवार उतरवली तर लवकर मरते. तेवढ्याच आकाराच्या लिथियममधून ८०-९० वापरता येतात आणि वजनही निम्म्याहून कमी. पण लिथियमला शून्य अंशाखाली चार्ज करायचं नसतं, म्हणून थंडीत जाणार असाल तर ती गाडीच्या आतल्या उबदार भागात बसवलेली हवी.

आता खर्च बघा. कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला ढोबळमानाने ३० ते ५० अँपिअर-तास खातो. म्हणजे साध्या बॅटरीवर एक दिवस आणि खेळ खल्लास. हजार वॅटचं काहीही, केस वाळवायचं यंत्र म्हणा, इन्व्हर्टरवर लावलं की १२ व्होल्टच्या बॅटरीतून ८० अँपिअरच्या वर ओढतं. १०० वॅटचं सोलर पॅनेल छतावर आडवं असेल तर उन्हाळ्यातल्या चांगल्या दिवशी ३०० ते ४०० वॅट-तास देतं, म्हणजे २५ ते ३३ अँपिअर-तास, थंडीत आणि ढगाळ हवेत त्याच्या पाव हिस्सासुद्धा मिळत नाही. रानजाई, तुमच्यासाठी उन्हाळ्यात २०० वॅट आणि एक १०० ची लिथियम पुरेल, दिवे एलईडी असतील तर. आणि अलीकडच्या इंजिनांचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) स्मार्ट असतो, बॅटरी भरली असं समजून व्होल्टेज खाली आणतो, अशा गाडीत मधे डीसी-डीसी चार्जर, म्हणजे तो व्होल्टेज परत वाढवून देणारं यंत्र, नसेल तर दिवसभर चालवूनही घरची बॅटरी अर्धवटच राहते. बघायला जाल तेव्हा हे नक्की विचारा.

जुना भटक्या:
रातकिड्याच्या पोस्टला जोड. फ्रिज गॅसवर चालणारा असेल, म्हणजे गॅस, १२ व्होल्ट आणि मेन्स (बाहेरून जोडलेली वीज) अशा तिन्हींवर चालतो तो, तर वीज नसतानाही आठवडाभर मजेत जातो, पण गाडी सपाट उभी केली नाही तर नीट गार करत नाही. आणि तो गार व्हायला कित्येक तास लागतात, म्हणून बघायला जायच्या आदल्या दिवशीच विक्रेत्याला फ्रिज चालू करून ठेवायला सांगायचं. गेल्यावर आत हात घालायचा. थंडीत जाणार असाल तर सिलिंडर प्रोपेनचा. ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत होत राहतं. ब्युटेन घेऊन गेलेला माणूस पहाटे हीटर बंद पडला म्हणून कुडकुडत बसतो, आम्ही बसलोय. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, त्याची तारीख संपली नाही ना, ते बघा. यात तडजोड नको, आत माणसं झोपलेली असतात.

रानजाई:
मंडळी, आज पहिलं प्रत्यक्ष बघून आलो आणि घरी येऊन तशीच लिहायला बसले. बारा वर्षं जुनं, ६.६ मीटर, फोटोत अगदी स्वच्छ. किलोमीटर खूपच कमी. पोचलो तर सगळ्या खिडक्या-दारं सताड उघडी आणि आत सुगंधी स्प्रेचा घमघमाट. मला तेव्हाच कसंतरी वाटलं पण बोलले नाही. मुलं वरच्या पलंगावर चढून खिदळायला लागली, नवरा इंजिनपाशी. मी मागच्या डाव्या कोपऱ्यातलं कपड्यांचं कपाट उघडलं, आत डोकं घातलं तर स्प्रेच्या खालून जुन्या ओल्या पुठ्ठ्यासारखा वास. भिंतीवरचा कागद एका जागी अगदी बारीक सुरकुतलेला, फोटोत कधीच दिसला नसता. अंगठ्याने दाबलं तर भिंत आत गेली आणि सावकाश परत वर आली, पावासारखी. खालच्या पट्टीचे स्क्रू तांबूस गंजलेले. विक्रेता म्हणाला थंडीत बाष्प साचतं, सगळ्यांच्याच गाड्यांत असतं. माणूस बोलायला चांगला होता हो, म्हणून जास्त अवघड झालं. मुलं तर नावही ठेवून मोकळी झाली होती गाडीचं. काय करू? खरंच बाष्प असू शकतं का?

स्पॅनर:
ताई, नाही. बाष्प खिडकीच्या काचेवर आणि पृष्ठभागावर साचतं, पुसलं की जातं. भिंत दाबल्यावर आत जातेय याचा अर्थ आतली लाकडी चौकट किंवा प्लायवुड कुजलंय. कोचबिल्टची भिंत म्हणजे सँडविच असतं, बाहेर अॅल्युमिनियम किंवा फायबर, मधे फोम आणि लाकडाच्या पट्ट्या, आत पातळ प्लाय. बाहेरच्या सांध्यांवरचं सीलंट काही वर्षांनी कडक होऊन चिरतं, केसाएवढ्या फटीतून पाणी शिरतं आणि आतच्या आत वर्षानुवर्षं पसरत जातं. जिथे डाग दिसतो तिथेच गळती असते असंही नाही, छताच्या खिडकीतून शिरलेलं पाणी उतरत उतरत मागच्या कोपऱ्यात निघतं. तो कोपरा दुरुस्त करायचा तर कपाट काढा, आतला प्लाय काढा, कुजलेली चौकट कापून नवी बसवा, बाहेरचे सगळे सांधे परत सील करा. उघडल्यावर दिसतं त्याच्या तिप्पट निघतं, हा माझा अनुभव आहे. सोडून द्या.

पुढच्या वेळी ओलावा मोजणारा डॅम्प मीटर घेऊन जा, दोन टोकांचा साधा मिळतो. १५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, १५ ते २० असेल तर लक्ष ठेवायचं, २० च्या वर गेलं की का ते शोधल्याशिवाय पुढे बोलायचं नाही. प्रत्येक खिडकीचे खालचे दोन कोपरे, छताच्या खिडकीभोवती, ऑनिंगच्या पट्टीच्या रेषेत, मागचे दिवे बसवलेत त्याच्या आतून, सगळी कपाटं उघडून. ओव्हरकॅब असेल तर वरच्या पलंगाची गादी उचलून पुढच्या नाकाचा सगळा भाग, पावसाचा मारा तिथेच बसतो. फरशीवर टाचेने चालून बघा, दारापाशी आणि शॉवरपाशी, करकरली किंवा दबली तर संशय घ्या. आणि शक्यतो पावसानंतर बघायला जा.

ओंजळ:
रानजाई, मुलांचं मन मोडतं हे खरं आहे गं. आम्ही तसंच हो म्हणालो होतो. नाही म्हणून निघालीस तर आज रडतील, पण ओलसर भिंतीला टेकून झोपायला लागलं तर मुलाचा तोच खोकला-ताप परत सुरू. तू कपाटात डोकं घातलंस, मला तर तेव्हा सुचलंही नव्हतं.

रातकिडा:
कमी किलोमीटरवरही जाऊ नका. उभी राहिलेली गाडी चाललेल्या गाडीपेक्षा जास्त बिघडते. ब्रेकच्या डिस्क गंजतात, रबरी सील सुकतात, इंजिनातला टायमिंग बेल्ट नुसत्या किलोमीटरवरच नाही तर वर्षांवरही बदलायचा असतो. टायरवरची नक्षी नवीकोरी दिसेल पण बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ लिहिलं असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. उभ्या उभ्या बाजूला बारीक चिरा पडतात, टॉर्च मारून बघा, आतल्या बाजूनेही.

जुना भटक्या:
आणि घ्यायच्या आधी भाड्याने घेऊन बघा हो. हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. चार रात्री, शक्यतो खराब हवेत. शंभर जाहिराती बघून कळत नाही ते दुसऱ्या रात्री कळतं. कॅसेट टॉयलेट, म्हणजे संडासाखालची काढता येणारी टाकी, रिकामी करणं जमतंय का तेही कळेल, साधारण १७ ते २० लिटरची असते, चौघांत दोन दिवसांत भरते. ज्या घरात हे काम कोण करणार यावर भांडण होतं तिथे गाडी लवकर विकली जाते.

रानजाई:
मोठा खंड पडला, माफ करा, सहा आठवडे झाले. भटक्याकाकांचं ऐकून ७ मीटरचं भाड्याने घेतलं, चार रात्री, दोन रात्री धो धो पाऊस. कोरड्या अंथरुणात पडून छतावरचा पाऊस ऐकायचा यासारखं सुख नाही, मुलगा तर म्हणाला थांबू नकोस रे. पण दुसऱ्या दिवशी पंपावरून बाहेर वळताना नवऱ्याने पुढची बाजू बरोबर काढली आणि मागची शेपटी उलट्या दिशेला फिरली, खांबापासून चार बोटं उरली होती. मी आरशात बघत होते म्हणून ओरडले. त्या क्षणी लांबीचा विषय घरात मिटला, त्याने स्वतःहूनच सांगितलं. आणखी काय कळलं म्हणाल तर मुलीला स्वतःचा पडदा हवा, रात्री वाचायला दिवा हवा, तो मिळाला की ती आनंदात. मधोमध पलंगाची आम्हाला काहीच गरज नाही. ओले बूट आणि रेनकोट ठेवायला दाराजवळ जागा हवीच हवी.

त्यानंतर पाच गाड्या बघितल्या आणि पाचवी घेतली! सात वर्षं जुनी, ६.४ मीटर, ओव्हरकॅब, मुलांना वरचा पलंग, आमच्यासाठी मागे आडवा कायमचा पलंग, त्याखाली बाहेरून उघडणारं मोठं सामानघर, चार बेल्ट, आडवा एकही नाही. मीटरने सव्वा तास तपासलं, मालकीणबाईंनीच टॉर्च धरला. सगळीकडे ११ ते १४, फक्त मागच्या खिडकीच्या एका कोपऱ्यात १७. तिथलं सीलंट बाहेरून चिरलेलं दिसत होतं, त्यांनी व्यवहाराआधी स्वतः करून घेतलं, आता दर तीन महिन्यांनी मी त्या कोपऱ्याची नोंद ठेवणार आहे. दरवर्षीच्या तपासणीचे कागद क्रमाने लावलेले, टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती, कर्ज फिटल्याचं पत्र, चासी नंबर कागदाशी आणि पत्र्यावर कोरलेल्याशी जुळवला. मग मी धीर करून म्हटलं, वजनकाट्यावर नेऊ या का? त्या लगेच तयार झाल्या. डिझेलची टाकी भरलेली, पाणी रिकामं, आत कोणी नाही, काट्यावर २९६०. म्हणजे ५४० शिल्लक, त्यातून आम्ही चौघं २२५, उरले ३१५. स्पॅनरदादा, सायकली आम्ही मुलांच्या दोनच घेतो आणि सामानघरात आडव्या ठेवतो, मागे टांगत नाही. पाण्याची टाकीही प्रवासात पाव भरतो, पोचल्यावर पूर्ण.

दीपस्तंभ:
अभिनंदन रानजाई! नवं घ्या म्हणणारा मीच, पण ही गाडी मीसुद्धा घेतली असती. एक काम करा, उंची मोजून एका चिठ्ठीवर मोठ्या आकड्यांत लिहा आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर चिकटवा. ओव्हरकॅब तीन मीटरच्या आसपास असते, आणि छतावरचं सोलर किंवा अँटेना धरून मोजा. कारच्या सवयीने माणूस कमानीखाली घुसतो.

रानजाई:
चिकटवली, ३.१० मीटर. आता एक अडचण. पहिल्या रात्री सगळे नळ बंद असताना पाण्याचा पंप दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक क्षणभर घुर्र करतो आणि थांबतो. मुलीने वेळ लावून मोजलं. हे नॉर्मल आहे का?

स्पॅनर:
नॉर्मल नाही, पण घाबरू नका. कुठेतरी थेंब थेंब गळतंय, दाब उतरला की पंप तो भरून काढतो. कोरडा टिश्यू पेपर घ्या आणि प्रत्येक जोडावरून फिरवा, सिंकखाली, शॉवरच्या नळामागे, गरम पाण्याच्या बॉयलरला जाणाऱ्या पाइपवर, पंपाच्या दोन्ही तोंडांना. ओला झाला की तिथेच. बॉयलरजवळचा फ्रॉस्ट व्हॉल्व्हसुद्धा बघा, थंडी ३-४ अंशांवर आली की तो आपोआप उघडून पाणी सोडून देतो म्हणजे पाइप फुटत नाहीत, पण कधी नीट बसत नाही आणि गाडीखाली थेंब पडत राहतात. आणि सापडेपर्यंत झोपताना पंपाचं बटण बंद करा, अंधारात त्या लाकडात पाणी जायला नको.

रानजाई:
सापडलं! सिंकखाली, अगदी मागे, हात जेमतेम पोचतो तिथे. मुलानेच शोधलं, त्याचा हात लहान. प्लास्टिकची चकती अर्धा आटा सैल होती, हातानेच आवळली. खालची फळी वरून फक्त ओलसर होती, मीटर लावला तर १६, पंखा लावून दोन दिवस वाळवली, आज १३ आलं. काल रात्री मुलगी तासभर घड्याळ घेऊन बसली होती, पंप एकदाही वाजला नाही.